गुढीसारखं उंच शुभेच्छापत्र

स्लिमलाइन कार्ड अंगाने सडपातळ, उंचीला मोठं. चौकोनी कार्डावर गुढी आखडते. इथे ती ताठ उभी राहते. या पाडव्याला सुपेल्याहून नागपूरच्या आजी-आजोबांना नुसता फॉरवर्ड नको, हे पाठवू या.

साहित्य: २०० जीएसएमचा एक ए-४ कागद, रंगीत कागदाचे तुकडे, डिंक, ११ × २२ सेंमीचं पाकीट.

कृती:
१. कागदाच्या २९.७ सेंमी लांबीतून २० सेंमी कापून घ्या. बरोबर मध्ये संपलेल्या रिफिलने रेघ दाबून घडी घाला. १० × २१ सेंमीचं कार्ड तयार.
२. उरलेली पट्टी ९.४ × २०.४ सेंमी करा. हा कार्डाचा दर्शनी भाग.
३. काठी, साडी, तांब्या, कडुनिंब, साखरगाठी डायने किंवा इलेक्ट्रॉनिक कटरने कापा. कटरवर आधी कोपऱ्यात छोटा चौकोन कापून ब्लेडचा दाब तपासा. देठ फार बारीक ठेवू नका, फाटतात. मशीन नसेल तर कात्री आहेच.
४. गुढी पट्टीवर आणि पट्टी कार्डावर चिकटवा.

मणी, टिकल्या टाळा. साध्या टपालाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. हा कागद साडेबारा ग्रॅमचा, त्यात पाकीट आणि सजावट. तिकीट कमी पडलं तर भुर्दंड आजीला! म्हणून पोस्टात वजन करूनच तिकीट लावा.

आत छापील मजकूर नको. शाळेत हिंदी-इंग्रजी लिहिणाऱ्या मुलांना चार ओळी मराठीत लिहू द्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी चालेल. आजी तेच कार्ड जपून ठेवेल.