यंत्राची निगा : ट्रॅक्टरची लिफ्ट

१९६३ साली मुंबईत ट्रॅक्टरची कंपनी निघाली आणि उपनगरातल्या कांदिवलीच्या कारखान्यातून बी-२७५ ट्रॅक्टर गावोगाव गेले. नांगर उचलणारी ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट तेलाच्या दाबावर चालते. तेल बिघडले की ती अडते. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले समजा, फेसाळले तर हवा. तेल भरण्याआधी झाकणाभोवतीची धूळ पुसा आणि माहितीपुस्तिकेत सांगितलेलेच तेल घाला. गळती बोटाने चाचपू नका. दाबाचे तेल कातडीत घुसते. दुखत नसले तरी लगेच मोठा दवाखाना गाठा. ट्रॅक्टर उभा करताना नांगर जमिनीवर टेकवा. उचललेल्या नांगराखाली पोरेबाळे खेळायला जातात, हे विसरू नका.