चाकणमध्ये हिमनदी आणणाऱ्यांना

चाकणच्या आसपास कारखान्यासाठी नवा प्लॉट खणायला घेतला, की थोड्याच दिवसांत कुणीतरी एका दगडाचा फोटो फिरवायला लागतं. मुठीत मावणारा, एका टोकाला निमुळता दगड, शेजारी मापासाठी दहाचं नाणं, आणि खाली मजकूर: लाखो वर्षांपूर्वीची हातकुऱ्हाड, आपल्या मातीचा वारसा. दगड गुळगुळीत असला तर तोच गृहस्थ त्याला ‘हिमयुगात हिमनदीने घासलेला’ ठरवतो. खाली नमस्कारांची रांग लागते. पुरावा मात्र कुणी मागत नाही, आणि माझा संताप तिथेच सुरू होतो.

आधी हिमनदीचा निकाल लावू. पिंपरी-चिंचवडपासून चाकण, राजगुरुनगरपर्यंत पायाखाली आहे तो बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. हिमनदीने घासलेला खडक महाराष्ट्रात पाहायचाच असेल, तर चंद्रपूरजवळ इरई नदीकडे जायला हवं. तिथे जुन्या चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत आणि त्यावर तालचीर नावाच्या थरातले गोटे बसलेले आहेत. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने एकोणिसाव्या शतकातच त्यांची नोंद केली. ती हिमनदी जवळजवळ तीस कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा माणूस तर नव्हताच, चाकणचा खडकसुद्धा जन्माला आलेला नव्हता. ज्या हिमयुगात माणूस दख्खनमध्ये वावरत होता, त्या काळात इथे बर्फ साचला नाही. इथे हवा कोरडी झाली, पाऊस घटला आणि नद्यांनी गोटे, वाळू, गाळ आपल्याच पात्रात टाकून दिला. भामा, भीमा, इंद्रायणीच्या काठचे गोटे गुळगुळीत आहेत ते पाण्याने. नदी समोर वाहत असताना तिचं श्रेय हिमनदीला देणं याला मी अज्ञान म्हणणार नाही. हा आळस आहे, कारण काठावर जाऊन बघायला अर्धा दिवस पुरतो.

बर्फाचं हे वेड नवीन नाही, आणि मोठ्या विद्वानांनाही ते लागलं होतं. येल आणि केंब्रिजच्या 1935च्या मोहिमेत डी टेरा आणि पॅटरसन या अभ्यासकांनी काश्मीरच्या हिमकाळांची मोजपट्टी आजच्या पाकिस्तानातल्या पोटवारच्या पठारावर लावली आणि नर्मदेच्या थरांशीही तिचा मेळ घालायचा प्रयत्न केला. त्यांचा ग्रंथ 1939ला आला. पोटवारच्या गोट्यांच्या थरातले काही मोठे फुटके दगड त्यांनी अतिप्राचीन हत्यारं म्हणून मांडले. पुढच्या अभ्यासकांनी त्यांतल्या बऱ्याच दगडांवर शंका घेतली आणि ती मोजपट्टीही टाकून दिली. लुई लीकीसारखा माणूस कॅलिफोर्नियात कॅलिको इथे असाच फसला. आफ्रिकेत आयुष्यभर खरी हत्यारं हाताळलेल्या या माणसाने तिथल्या दगडांना हत्यारं म्हटलं आणि 1973मध्ये भूवैज्ञानिक व्हान्स हेन्स यांनी ते निसर्गाचंच काम असल्याचं सविस्तर दाखवलं. लीकीला चूक होऊ शकते, तर फोटो पाहून आठ सेकंदांत निकाल देणाऱ्यांना इतकी खात्री कुठून येते?

आमच्या पट्ट्याला सगळ्यात लागू पडणारा किस्सा फ्रान्सचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात ‘इओलिथ’ नावाच्या दगडांवरून भांडण पेटलं होतं. कडा तुटलेल्या चकमकीच्या तुकड्यांना लोक माणसाची पहिली हत्यारं म्हणत होते. 1905मध्ये फ्रेंच पुराजीवशास्त्रज्ञ मार्सलँ बूल मांत शहराजवळच्या एका सिमेंट कारखान्यात गेला. तिथे खडूचा दगड पाण्यात घुसळताना त्यातले चकमकीचे तुकडे एकमेकांवर आपटत, आणि बाहेर पडणाऱ्या तुकड्यांत हुबेहूब इओलिथ सापडत. यंत्राने ती ‘हत्यारं’ काही तासांत बनवली होती.

आता मोशीच्या खाणी आठवा. चाकणच्या रस्त्यांवरचे खडी क्रशर, पोकलेनला लावलेले ब्रेकर आठवा. ब्रेकरचा घण काळ्या दगडाच्या कडेवर बसला की सुटणाऱ्या कपच्यांना आघाताचा फुगवटा येतो, लाटांसारख्या रेषा उमटतात, कड धारदार निघते. पुस्तकात दगडी हत्याराच्या खुणा म्हणून जे जे छापलेलं असतं, त्यातलं बरंच ब्रेकर दर मिनिटाला तयार करतो. सगळा पट्टा असल्या कपच्यांनी भरलेला आहे. मुरमाच्या ढिगातून दगड उचलून त्याला अश्मयुग चिकटवणाऱ्याने आधी तुटलेल्या अंगाचा रंग पाहावा. आतून निळसर काळा, ताजा कोरा दिसला, तर त्याचं वय त्या प्लॉटच्या ठेकेदाराला विचारावं.

माझं आयुष्य भोसरीत टूलरूममध्ये गेलं, म्हणून खऱ्या हातकुऱ्हाडीकडे मी हत्यार बनवणाऱ्याच्या नजरेने पाहतो. कापणाऱ्या इन्सर्टची टिप मशिनवर आपटून तुटली की कपची कुठूनही, कशीही उडते. धार लावताना मात्र प्रत्येक घाव आधीच्या घावाचा हिशेब धरून पडतो. डेक्कन कॉलेजच्या संग्रहातली बेसाल्टची हातकुऱ्हाड नीट पाहिली की हेच दिसतं. प्रत्येक कपचीची खळगी कडेपासून आत शिरलेली आहे. दुसरी खळगी पहिलीला कापते, तिसरी दुसरीला, म्हणजे घावांचा क्रम वाचता येतो. मग दगड पालथा करून समोरच्या अंगावर तेच काम झालेलं असतं आणि दोन्हीकडचे घाव मिळून एकच सरळ कड तयार होते. नदीत गडगडलेल्या गोट्यावर घाव सगळीकडे असतात, काही जुने, काही नवे, कडा चेचलेल्या आणि कोन बोथट. आल्फ्रेड बार्न्स नावाच्या अभ्यासकाने 1939मध्ये नेमके हे कोन मोजले. माणसाच्या हातच्या संचात नव्वद अंशांहून मोठे कोन थोडे असतात, निसर्गाने फोडलेल्या दगडांत त्यांचा भरणा असतो. पण त्याची ही कसोटी संचाला लागते, एकट्या दगडाला नाही. एका दगडाचा फोटो टाकून काहीही सिद्ध होत नाही ते यासाठी.

बेसाल्ट तर आणखी अवघड. तो कुजतो. डोंगरउतारावर गोल गोट्यांची सालं सुटतात, ती निसर्गानेच. खऱ्या जुन्या हत्यारावरही कुजलेली जाड साल चढते आणि घावांच्या रेषा पुसट होतात. त्यामुळे जाणकारसुद्धा हातात घेऊन, उन्हात तिरपं धरून, बराच वेळ बघून मग बोलतात. कित्येकदा ‘सांगता येत नाही’ म्हणतात. आमच्याकडचे संग्राहक हे वाक्य कधीच उच्चारत नाहीत.

आणि खरं वैभव याच भीमेच्या खोऱ्यात आणि शेजारी गोदावरीच्या खोऱ्यात पडलेलं आहे. नाशिक रस्त्याने वर गेलं की जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी आहे. तिथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि दगडी हत्यारं एकाच नदीकाठात सापडली. त्या राखेचं वय कुणी चौदा लाख वर्षं काढलं, कुणी पावणेसात लाख, कुणी ती सुमात्राच्या तोबाची, पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीची मानली. दशकानुदशकं चाललेला हा वाद राखेचा आणि थराचा आहे. हत्यारं नुसती कुणाच्या शोकेसमध्ये असती, तर वाद घालायलाही काही उरलं नसतं. कऱ्हेकाठी मोरगाव आहे. गोदावरीच्या खोऱ्यात प्रवरेकाठी चिरकी-नेवासे आहे, जिथे गुद्रुन कोर्विनस यांनी 1960च्या दशकात हंगामामागून हंगाम खोदकाम करून प्रत्येक दगड जागेवर नोंदवला. पुरातत्त्वज्ञ सांकळियांचं गोदावरीवरचं पुस्तक 1952चं. पुराभूवैज्ञानिक राजगुरूंनी मुळा-मुठेच्या खोऱ्यातले थर पायी फिरून वाचले. ही माणसं आपल्याच पुण्यातली किंवा पुण्यात येऊन राबलेली. त्यांचं काम पायाशी असताना आम्ही फोटोवर भाळतो.

दगड थरातून उपटला की त्याची साक्ष गेली. मी पाहिलंय, तारेच्या ब्रशने घासून, ॲसिडने धुऊन, वर मार्करने ‘पाषाणयुग’ लिहून दगड सत्कारात शाल-श्रीफळाबरोबर देतात. तो खोटा असेल तर लोकांची फसवणूक, आणि खरा असेल तर त्याहून मोठा गुन्हा, कारण त्याची साल, त्याला चिकटलेली माती, त्याचं स्थान, सगळं एका दुपारी संपलं. ‘निदान लोकांना गोडी तर लागते’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. अशी गोडी लागलेला माणूस दुसऱ्या दिवशी नदीकाठ उकरायला जातो. गोडीच लावायची असेल तर त्याला खचणाऱ्या नदीकाठासमोर उभा करा, थर मोजायला शिकवा आणि हात मागे बांधायला सांगा.

सरकारी खातं यात निर्दोष नाही. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर मनाई, पुढे दोनशे मीटर निर्बंध, हे नियम आहेत. पण ज्या गोट्यांच्या थराला कुणी स्मारक म्हणून जाहीरच केलं नाही, त्याला काडीचं संरक्षण नाही. गौण खनिजाच्या परवान्यात वाळू आणि मुरूम ब्रासमध्ये मोजतात, रॉयल्टी भरून घेतात, हायवा भरून निघतात. त्या मुरमात, त्या वाळूखाली काय होतं, हे विचारायची जबाबदारी कुणाचीच नाही. नदीकाठ सुशोभित करण्याच्या योजनाही उभ्या काठावर भराव टाकतात किंवा त्याला उतार देतात, आणि वाचायचा थर तिथेच बुजतो.

मागणी साधी आहे. पुणे जिल्ह्यात नदीकाठच्या कुठल्याही गौण खनिज परवान्याआधी आणि कुठल्याही काठ-सुशोभीकरणाआधी पुराभूविज्ञान जाणणाऱ्या एका माणसाने तो उभा काठ पाहून, फोटो आणि थरांच्या नोंदीसह दोन पानांचा अहवाल द्यावा, आणि तो जोडल्याशिवाय तहसील कार्यालयाने अर्ज घेऊ नये. हे शिकवणारं डेक्कन कॉलेज येरवड्याला आहे, शिकलेली मुलं काम शोधत आहेत. एका काठाला एक दिवस लागेल. आणि ज्यांना दगड सापडतो त्यांनी तो उचलू नये, थरासकट फोटो काढावा, जागेची खूण ठेवावी आणि डेक्कन कॉलेजला कळवावं.