घाणेरीची मुंडकी नका मोजू, मुळं मोजा



आमच्या आजरा-भुदरगड पट्ट्यात आता बांध, पडरान आणि डोंगरकडेची झाडोरी साफ करायची कामं निघालीत. कुणी कोयते पाजळतोय, कुणी भाड्यानं ब्रश कटर आणतोय. दोन दिवसांत रान दाढी केल्यागत गुळगुळीत. फोटो काढला, मजुरी दिली, विषय संपला. मग पाऊस पडतो आणि दोन-तीन महिन्यांत त्याच बुडख्यातून एकाच्या जागी दहा फुटवे येतात. पुढच्या वर्षी तेच रान, तोच कोयता, परत मजुरी.

स्पष्ट बोलतो, राग आला तर येऊ दे. याला सफाई म्हणत नाहीत, ही घाणेरीची छाटणी झाली. द्राक्षाची छाटणी आपण कशाला करतो? फुटवे यावेत म्हणूनच ना? मग तीच छाटणी घाणेरीला केली की ती मरेल, हे कुणी सांगितलं?

घाणेरी म्हणजे काही भागांत जिला टणटणी म्हणतात ती. मूळची अमेरिकेकडची, इंग्रजांच्या काळात शोभेसाठी आणलेली. बुलबुल, साळुंक्या फळं खातात आणि झाडाखाली बी टाकतात. जनावरानं उपासापोटी पाला खाल्ला तर कावीळ होते, उन्हात कातडं सोलपटून निघतं. हिचा जीव फांदीत नाही. खोड जिथं जमिनीत शिरतं तिथं गाठीसारखा भाग असतो, फुटवे तिथनं येतात. कोयता मारता वीतभर वर, मग ती गाठ जशीच्या तशी जिवंत राहते.

हे मी एकटाच सांगतोय असं नाही. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जंगलात काम केलं, २००९ साली ते 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं. पद्धत साधी. झुडपाच्या बुडाशी कुदळीनं दोन-तीन बोटं मातीखाली घाव घालायचा, मुख्य मूळ गाठीच्या खाली तोडायचं. चार-सहा घावात झुडूप सुटतं. ते उचलून तिथंच उलटं ठेवायचं, मुळ्या आकाशाकडं, म्हणजे परत माती धरत नाही. औषध नको, यंत्र नको. फळं धरायच्या आधी काम उरकायचं. पुढची दोन वर्षं पाखरं बसतात त्या झाडांखाली फिरून रोपं उपटायची. आणि मोकळी झालेली जागा तशी सोडायची नाही, गवत लावायचं. उघड्या मातीवर रानमोडी टपूनच बसलेली असते.

म्हणून घाणेरीचं मुख्य हत्यार कुदळ. कोयता तिच्या मदतीला. जाळी दाट असेल तर बेळक्यानं फांद्या उचलून धरायच्या, कोयत्यानं बुडापर्यंत वाट करायची, मग कुदळ घालायची.

आता हत्यार घेण्याबद्दल. बाजारात रंग मारलेले, पत्र्यातून कापलेले कोयते मिळतात. स्वस्त आहेत म्हणून घेतात. सुकलेल्या खोडावर दहा घाव घातले की धार मुडपते, मग गडी जोर लावतो, आणि जोर लावला की कोयता निसटतो. हत्यार घेताना एवढं बघा:

१. गाडीच्या कमानपाट्याचं घडवलेलं पातं मिळालं तर तेच घ्या. दुकानात कानस मागा आणि धारेवर फिरवा. कानस लोण्यागत खात असेल तर पोलाद मऊ. नुसती घसरत असेल तर पाणी जास्त दिलंय, दगडावर लागलं की टवका उडणार. किंचित धरून चालली पाहिजे.

२. गवताच्या विळ्याची धार पातळ. लाकडावरच्या कोयत्याची धार मागं जाड होत गेलेली हवी. एकाच कोयत्यानं दोन्ही कामं करू नका.

३. कुदळीचं पातं रुंद नको, अरुंद आणि जड हवं. रुंद पातं मातीत अडकतं, मुळावर घाव बसत नाही.

४. दांडा बाभळीचा किंवा तिवसाचा, वाळलेला. लाकडाचे रेषे सरळ टोकापर्यंत गेले पाहिजेत. मधेच बाहेर निघणारा रेषा म्हणजे तिथनंच मोडणार. नेढ्यात पाचर मारा. रात्री पाण्यात बुडवून दांडा फुगवायची सवय सोडा, वाळला की परत ढिला होतो.

हे सगळं गावचा लोहार करून देतो. पण त्याच्या भात्यावर आपण दहा रुपयांची घासाघीस करतो आणि दुकानात छापील किंमत मुकाट्यानं देतो. लोहाराची पोरं शहराला गेली की मग म्हणायचं, चांगलं हत्यार मिळत नाही.

"कुदळीनं वेळ लागतो," असं म्हणणारे आहेत. लागतो. माझ्या बांधावर पहिल्या वर्षी कोयत्यापेक्षा तिप्पट दिवस गेले. तिसऱ्या वर्षी एका सकाळीत रोपं उपटून झाली. दरवर्षीची मजुरी जोडून बघा, हिशोब तुमचा तुम्हालाच कळेल.

"मग जेसीबी लावू," असंही म्हणतात. उतारावर जेसीबी घाणेरीबरोबर वरची माती पण ओढतो. ती माती पहिल्या वळवात ओढ्याला. काडी लावणाऱ्यांनी तर बोलूच नये. गवत जळतं, चांगली रोपं जळतात, घाणेरी बुडातून परत उठते.

आणि साफ म्हणजे बोडकं असं समजू नका. बांधावरची करवंद माती धरते, कुंपण होते, वर्षाला पाटीभर फळ देते. तिच्यावर कोयता चालवणाऱ्याला काय म्हणावं? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ते हेच.

शेवटचं, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठं. ही कामं आपण गुंठ्यावर उक्ती देतो. गुंठ्यावर उक्तं घेतलेला माणूस वरनंच छाटणार, त्याचा काय दोष? वर घाईत कोयता फिरवणार, बाया आणि गडी हातभर अंतरावर, पायात चप्पल. जाळीत फुरसं असतं, गांधीलमाशांचं पोळं असतं. दर हंगामात कुणाचं तरी बोट, कुणाची तरी नडगी जाते आणि दवाखान्याचं बिल त्याचं त्यानंच भरायचं. उक्तं घेणारा आपला पाहुणाच असतो की हो!

म्हणून माझं म्हणणं असं. रोजावर काम द्या, किंवा उक्तं द्यायचंच असेल तर उपटलेल्या बुडख्यांवर द्या. दोन माणसांत दोन दांड्यांचं अंतर ठेवा. गमबूट मालकानं द्यायचे. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी, जखम झाल्यावर धावपळ नको. कृषी खात्यातली मंडळी हे वाचत असतील तर त्यांनाही विनंती, गायरानाचं काम तपासताना लांबून फोटो काढू नका. चार जागी माती उकरा, गाठ आत राहिली असेल तर बिल अडवा.

पटत नसेल त्यानं पावसाळ्यानंतर माझ्या बांधावर यावं. शेजारचा कोयत्याचा बांध पण दाखवतो. दोन्ही बघा, मग भांडू.