पहिला धक्का कोणी दिला?

संगणकीय प्रतिरूप म्हणजे अखेर एक कथनच, हे विधान आपल्या समीक्षेत फार सहज केले जाते. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण ते जिथे थांबते तिथून पुढे वाचायला हवे, असे आमचे मत आहे.

सौरज्वालेचे उदाहरण घेऊ. विरुद्ध दिशांच्या चुंबकीय क्षेत्ररेषा विद्युतप्रवाहाच्या एका पातळ पडद्यापाशी भिडतात, तुटतात, नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा मोकळी होते. स्वीट आणि पार्कर यांच्या १९५७-५८ च्या गणितानुसार याला महिने लागायला हवेत. ज्वाला तर मिनिटांत भडकते! पडदा मुळातच अस्थिर असतो, तो फाटू शकतो, हे १९६३ मध्ये फर्थ, किलीन आणि रोझेनब्लूथ यांनी दाखवले होते. पुढे २००७ मध्ये लोरेरो आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की पडदा पुरेसा लांब व पातळ झाला की त्याच्या झपाट्याने चुंबकीय बेटांच्या माळा होतात. भट्टाचार्जी आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रतिरूपांत त्या प्रत्यक्ष उमटल्या.

आता २००१ चे प्रसिद्ध ‘जेम’ आव्हान पाहा. एकच प्रश्न अनेक संगणकीय पद्धतींनी सोडवायचा होता. सुरुवातीच्या पडद्यात पहिला धक्का संशोधकांनीच घालून दिला होता. आयनाचे वस्तुमानही इलेक्ट्रॉनच्या केवळ २५ पट धरले होते. खरा प्रोटॉन सुमारे १८३६ पट जड असतो, पण तेवढे गणित यंत्राला झेपणारे नव्हते. हे सारे त्यांनी उघडपणे नोंदवले. प्रश्न वेगाचा होता, आरंभाचा नव्हता. त्यातून ‘आरंभ कसा होतो’ हे वाचणारा वाचक लेखकाने योजलेल्या योगायोगालाच नियती समजतो.

म्हणून हे सारे कल्पितच का? नाही. एकच पहिले प्रकरण वेगवेगळ्या कादंबरीकारांच्या हाती दिले, तर शेवट जुळण्याची अपेक्षा कोणी करत नाही. इथे मात्र आयन व इलेक्ट्रॉन यांच्या वेगळ्या चालीची दखल घेणाऱ्या पद्धतींचे वेग जवळपास जुळले. एकसमान रोध धरणारी साधी पद्धत मागे पडली. हा फरक पुसून टाकणारी समीक्षा आम्हाला आळशी वाटते, आणि ती आपल्याच घरची असल्याने अधिक खटकते.

आरंभाचा प्रश्न नंतर गंभीरपणे हाती घेतला गेला. पुच्ची आणि वेल्ली यांनी २०१४ मध्ये दाखवले, की पडदा पातळ होत असताना वाटेतच फाटतो. स्वीट-पार्करचा तो नेटका पडदा, ज्यावर २००७ चे गणित उभे होते, सूर्यावर बहुधा कधी तयारच होत नाही.