चौकोनाच्या पोटात काय?

मित्रांनो, आपल्या सबमिशनमधले डायग्राम दिसतात एकदम झकास! सरळ रेघा, रंगीत चौकोन. पण आतून सगळे पोकळ. चौकोनावर ‘एमसीबी’ लिहिलं की काम संपलं. तो किती अँपिअरचा, कुठल्या विंगचा, कधी बदलला? हे सगळं पास आऊट झालेल्या सीनियरच्या डोक्यात!

खरं तर ही माहिती चौकोनातच ठेवता येते. व्हिजिओमध्ये शेपवर राइट क्लिक करा, डेटामध्ये जा, डिफाइन शेप डेटा निवडा. (२००७ च्या आवृत्तीआधी यालाच कस्टम प्रॉपर्टीज म्हणत.) फील्डला नाव द्या आणि प्रकार ठरवा : मजकूर, आकडा, तारीख किंवा ठरलेली यादी. यादी असली की एकाने ‘ए विंग’ आणि दुसऱ्याने ‘जुनी विंग’ लिहिण्याचा घोळच नाही. शेवटी शेप रिपोर्ट काढला की तयार तक्ता हातात. व्हिजिओ परवडत नसेल तर ड्रॉ डॉट आयओ फुकट आहे. तिथे शेप निवडून कंट्रोल एम दाबा.

माझं स्पष्ट मत आहे, मार्क देखणेपणाला नकोत, आतल्या माहितीला हवेत. सर, मॅडम, विचार करा ना! आणि सुरुवात होस्टेलच्या वायरिंगपासून करूया. रात्री लाइट गेल्यावर टॉर्च घेऊन एमसीबी शोधायची वेळ येऊ नये.

फक्त एक अट. दुरुस्ती झाली की त्याच दिवशी फील्ड बदलायचं. कोऱ्या चौकोनापेक्षा चुकीची माहिती जास्त धोक्याची, कारण तिच्यावर विश्वास ठेवून कोणीतरी वायरला हात लावतो.