बांधावरचे करवंद, घरातली बरणी



आपल्या जिल्ह्यात करवंद म्हटले की अकोले तालुक्याचा डोंगर आठवतो. मे महिन्यात भंडारदऱ्याच्या वाटेवर आयाबाया पानांच्या द्रोणात काळीभोर करवंदे विकायला बसतात. पोरे फळ चावून 'कोंबडा की कोंबडी' खेळतात. आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी. ही झाली रानची काळी मैना. आज सांगायचे आहे ते तिच्या थोरल्या बहिणीविषयी, म्हणजे लागवडीच्या मोठ्या करवंदाविषयी.

याचे फळ चांगले बोराएवढे भरते. काही जातींचे कच्चे फळ पांढरट असून त्यावर गुलाबी झाक असते. पिकले की जांभळट-काळे होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' आणि पंतनगरच्या विद्यापीठाच्या 'पंत मनोहर', 'पंत सुदर्शन' या माहितीच्या जाती. शहरात केकवर जी लाल चेरी लावतात, ती पुष्कळदा हेच कच्चे करवंद असते! बी काढायचे, रंग द्यायचा आणि साखरेच्या पाकात मुरवायचे, की झाली चेरी.

महिला मेळाव्यात एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, करवंद खाल्लं की रक्त वाढतं ना?" याचे उत्तर नीट समजून घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम करवंदात ३९ मिलिग्रॅम लोह दिले आहे. पण तो आकडा वाळलेल्या फळाचा आहे. ताज्या फळात शेकडा ९१ भाग पाणी असते. लोक वाळलेल्याचा आकडा ताज्याला चिकटवतात आणि मूठभर करवंदांवर भिस्त ठेवतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तेव्हा गरोदर सुनेला आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या फडताळात ठेवून तिला नुसते लोणचे वाढू नका. गोळी हवीच.

मग करवंदाचा उपयोग काय? बाजरीच्या भाकरीत, मटकीत, पालेभाजीत लोह असते, पण ते सहजासहजी अंगी लागत नाही. सोबत आंबट फळ असले तर जास्त लागते. म्हणून करवंदाची ताजी चटणी भाकरीबरोबरच खावी. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहा ते लोह अडवतो. (ही चहाची गोष्ट सांगितली की मेळाव्यात हशा होतो, पण ती खरी आहे.)

चटणी अगदी सोपी. कच्ची करवंदे चिरून बिया काढा आणि मिठाच्या पाण्यात घटकाभर ठेवा, म्हणजे चीक निघतो. चिरताना हाताला तेल लावा. मग हिरवी मिरची, लसूण, भाजलेले शेंगदाणे, मीठ व थोडा गूळ घालून पाट्यावर वाटा. लोणच्याला किलोभर फळास दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ लागते. बाकी मसाला कैरीचाच. फळे पुसून कोरडी केल्याशिवाय बरणीत भरू नका, नाहीतर बुरशी येते. कच्च्या फळात पेक्टिन भरपूर असल्याने जेली उत्तम जमते. थोडी कच्ची आणि थोडी पिकायला आलेली फळे पाण्यात शिजवा, रस न पिळता गाळा आणि साखर घालून आटवा. तांब्या-पितळेचे बिनकल्हईचे भांडे मात्र वापरू नका.

पाथर्डी, कर्जत, जामखेडकडच्या कमी पावसाच्या रानात हे झुडूप बांधावर तग धरते. काट्यांमुळे दाट कुंपणात शेळी शिरत नाही. तारेला पैसे पडतात, शिवाय तार फळ देत नाही! कुंपणासाठी दोन-तीन फुटांवर एक रोप पुरे. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात थोडे पाणी द्यावे लागते. तिसऱ्या वर्षापासून फळ दिसू लागते.

रोपे घरीच करायची असतील तर पूर्ण पिकलेल्या फळाचे बी धुऊन लगेच पिशवीत पेरा. पुढल्या वर्षासाठी डब्यात ठेवलेले बी उगवत नाही.