निकाल लागला, पैसे कुठे?

दिवाणी दावा जिंकणाऱ्याची खरी परवड हुकूमनामा हाती पडल्यावर सुरू होते, हे प्रिव्ही कौन्सिलने 1872 मध्येच नोंदवले होते. आजही तेच चालले आहे. वसुलीसाठी पुन्हा दरखास्त, पुन्हा तारखा. बेलिफ जप्ती वॉरंट घेऊन पोहोचतो तेव्हा गाडी भावाच्या नावावर निघते आणि दुकान बायकोच्या. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बजावले, तरी ढीग कमी झाला नाही.

जप्तीला मर्यादा हव्यातच. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, स्त्रीचे मंगळसूत्र यांना दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 हात लावू देत नाही. निव्वळ ऐपत नाही म्हणून कोणाला तुरुंगात डांबता येणार नाही, हेही 1980 मध्ये ठरले. ही माणुसकी टिकलीच पाहिजे. पण तिच्या आड ऐपतदार लपतात.

खरोखर बुडालेल्याला दिवाळखोरीची सन्मान्य वाट हवी. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींसाठीचा भाग कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपलीकडे अजून लागू झालेला नाही. सामान्य कर्जदारासाठी ब्रिटिश अमदानीतलेच कायदे आहेत. केंद्राने तो भाग तातडीने लागू करावा. आणि न्यायालयांनी दरखास्त दाखल होताच ऋणकोकडून मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र मागावे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 41 मध्ये ती तरतूद आहे. टाळाटाळ करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते.